बागेला विश्रांती, बेटाला विश्रांती, मग आपल्याला का नाही?



मण्यात पाणी उतरायला लागलंय. पहाटेचं धुकं बघितलं की भुरीची धास्ती वाटते, व्यापाऱ्यांचे फोन सुरू झालेत, रोज सकाळी बागेतच असतो. पण आज औषध, खत, भाव यातलं काहीच लिहिणार नाही. आज सुट्टीबद्दल लिहितोय. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि आमची कारभारीण सात दिवसांसाठी थायलंडला चाललोय. को सामुई नावाचं बेट आहे, तिथं. ही बातमी पारावर कळली तेव्हा पहिला प्रश्न आला, "एकटाच ना?" आणि डोळा मारला. दोघं जाणार म्हटल्यावर दुसरा प्रश्न आला, "वहिनींना कशाला नेतोस थायलंडला?"

त्या दुसऱ्या प्रश्नामुळं हा लेख लिहायला बसलो.

आपल्याकडं थायलंड म्हटलं की दोनच गोष्टी डोक्यात येतात. एक म्हणजे पोरांची किंवा पुढाऱ्यांची बँकॉक-पट्टायाची चोरून केलेली वारी. दुसरी म्हणजे दुकानदारांची टूर. अमुक इतक्या पेट्या खपवल्या की थायलंड, अशा स्कीम असतात हे आपण सगळे जाणतो. सगळे दुकानदार तसे नसतात, चांगला सल्ला देऊन एक बाटली कमी विकणारेही मी बघितलेत. पण टार्गेटच्या महिन्यात आपल्या पिकाला नको असलेली बाटली आपल्या पिशवीत आली, तर ते तिकीट कुणाच्या खिशातून निघालं याचा हिशेब करा. म्हणजे शेतकऱ्याच्या पैशानं थायलंड बघून येणारे बरेच आहेत. शेतकरी आणि त्याची बायको सोडून.

आता आमचं कसं ठरलं ते सांगतो. एका वर्षी माल निघाला. खरड छाटणीच्या आधी बागेला आपण विश्रांती देतो, सगळ्या द्राक्षवाल्यांना माहीत आहे. वेलीनं पूर्ण हंगाम माल ओढलेला असतो, काडीतला अन्नसाठा संपलेला असतो. तीन-चार आठवडे हलकं पाणी, थोडं खत द्यायचं आणि कात्री लावायची नाही. घाई केली तर फूट मागं-पुढं निघते आणि पुढच्या सालचा घड मार खातो. हेच मी बांधावर उभा राहून नव्या गड्याला समजावून सांगत होतो. कारभारीण शेजारी डबा सोडत होती. ती म्हणाली, "अहो, वेलीला तीन आठवडे सोडता. मला कधी सोडणार?"

गडी हसला, मीही हसलो. रात्री झोप लागली नाही.

29 वर्षं झाली लग्नाला. कोकणात जायचं दोनदा ठरलं होतं. 2019 ला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं डाऊनी आली, घड कुजले, गाडीचं बुकिंग रद्द केलं. 2020 ला मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, माल बागेत आणि व्यापारी गायब. त्यानंतर आम्ही "पुढच्या वर्षी" हा शब्दच वापरायचा बंद केला. देवाला जातो, लग्नाला जातो, मयतीला जातो. तिथंही तिच्या हातात काम असतंच. नुसतं बसायचं म्हणून आम्ही कधी कुठं गेलेलो नाही.

आता बेटाकडं येतो. थायलंडचंच एक उदाहरण देतो. तिकडं फी फी नावाची बेटं आहेत आणि त्यातली माया बे ही खाडी एका हॉलिवूडच्या सिनेमामुळं जगभर गाजली. दिवसाला हजारो माणसं, बोटींवर बोटी. नांगर पडून पडून खालचं प्रवाळ मोडलं. मग 2018 च्या जूनमध्ये तिथल्या सरकारनं खाडी बंद केली. चार महिन्यांसाठी म्हणून बंद केलेली खाडी 2022 च्या जानेवारीत उघडली. मधल्या काळात प्रवाळ पुन्हा लावलं, छोटे शार्क परत आले. आता माणसं मोजून सोडतात आणि वर्षातून दोन महिने, ऑगस्ट-सप्टेंबरला, पुन्हा बंद ठेवतात. सिमिलान बेटं तर दरवर्षी पावसाळ्यात बंदच असतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी खाडी पड टाकली. जो समुद्र त्यांना रोजचा पैसा देत होता, तो त्यांनी साडेतीन वर्षं पड टाकला. आपले आजोबा रान पड टाकायचे, कारण रान थकतं हे त्यांना कळत होतं. रान थकतं, वेल थकते, समुद्रही थकतो. मग शेतकऱ्याच्या घरातली बाई थकत नाही, असं आपण कुठल्या शास्त्रावरून धरून चाललोय?

माझं म्हणणं एवढंच आहे. सुट्टी हा उधळेपणा नाही, ते हंगामाच्या नियोजनातलं एक काम आहे. पण काम म्हटलं की ते कामासारखंच करायचं. तारीख, पाऊस, पैसा, माणूसबळ सगळं बघून. आम्ही जे बघितलं ते क्रमानं सांगतो, कुणाला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, पाऊस. थायलंडचा दक्षिण भाग म्हणजे एक लांबट, निमुळता पट्टा आहे. मधून डोंगर गेलेत. पश्चिमेला अंदमानचा समुद्र, तिकडं फुकेट, क्राबी, फी फी. पूर्वेला थायलंडचं आखात, तिकडं सामुई, फांगान, ताओ. मे ते ऑक्टोबर जो नैऋत्य मोसमी वारा आपल्या कोकणाला झोडपतो, तोच फुकेटच्या बाजूलाही झोडपतो. डोंगर ओलांडून आखाताकडं त्यातलं कमी पोचतं. महाबळेश्वरात धो धो आणि आमच्या माणदेशाच्या बाजूला वारा आणि नुसते ढग, तसाच प्रकार. आपण पर्जन्यछायेतली माणसं, आपल्याला हे समजायला नकाशा लागत नाही.

सामुईला खरा पाऊस पडतो तो ईशान्य मोसमी वाऱ्याचा, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. नोव्हेंबरात सगळ्यात जास्त. तामिळनाडूला त्याच महिन्यांत जो पाऊस होतो, तो याच वाऱ्याचा. म्हणजे "थायलंडला कधी जावं" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या किनाऱ्याला, ते आधी विचारा.

आता आपल्या पिकांप्रमाणे बसवून बघा.

द्राक्षवाले: माल निघाल्यापासून खरड छाटणीपर्यंत, म्हणजे मार्चचा शेवट ते एप्रिलची सुरुवात. दोन्ही किनारे कोरडे असतात. ऊन कडक असतं, पण आपल्याला उन्हाचं काय कौतुक. फक्त 13 ते 15 एप्रिल टाळा. तेव्हा त्यांचं नवीन वर्ष असतं, सोंगक्रान. हा शब्द आपल्या संक्रांतीचाच भाऊ आहे, सूर्य मेष राशीत जातो तो दिवस. रस्त्यावर पाण्याची धुळवड चालते, गाड्या-बोटी भरलेल्या असतात.

सोयाबीनवाले आणि ऊसवाले: मोठी बांधणी झाली, कोळपण-खुरपण उरकलं की जुलै-ऑगस्टात आठवडा निघतो. तेव्हा फुकेटच्या बाजूला जाऊ नका, समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात. तेव्हा सामुईची बाजू बरी.

डाळिंबवाले: बाग ताणावर असते तेव्हा तुम्ही मोकळे. महिना बघा आणि वरच्या हिशेबानं किनारा ठरवा.

दिवाळीनंतर जाणारे: तेव्हा सामुई नको, फुकेट-क्राबी. स्वस्त मिळतंय म्हणून नोव्हेंबरात सामुईचं बुकिंग केलं तर खोलीच्या खिडकीतून पाऊस बघत बसाल. पाऊस बघायला एवढ्या लांब जायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, कागद. इथंच आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. बायकांच्या कागदपत्रांत माहेरचं नाव, सासरचं नाव, जन्मतारीख, तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या असतात. आधी आधार दुरुस्त, मग पासपोर्ट. सहा महिने हाताशी ठेवा. दुसरं एक बऱ्याच जणांना माहीत नसतं. माझं 10वी झालंय, तिचं 7वी. 10वी नसेल आणि वय 50 च्या आत असेल तर पासपोर्टवर सहसा ईसीआर असा शिक्का येतो. कामासाठी काही ठराविक 18 देशांत जाताना अशा माणसाला सरकारची परवानगी लागते आणि त्या यादीत थायलंड आहे. फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. पण विमानतळावर प्रश्न जास्त विचारतात, म्हणून परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवा. शिक्का बघून बायकोला घरी ठेवायची काही गरज नाही.

प्रश्न विचारतात त्यालाही कारण आहे. थायलंडला नोकरी म्हणून पोरांना नेऊन पुढं म्यानमारच्या हद्दीत ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडल्याच्या घटना घडल्यात. 2025 मध्ये आपल्या सरकारनं विमानं पाठवून शेकडो पोरं परत आणली. गावातला कुणी एजंट "टुरिस्ट म्हणून जा, तिथं गेल्यावर नोकरी लावतो" म्हणाला तर पोराला जाऊ देऊ नका.

व्हिसाचं म्हणाल तर 2024 च्या जुलैपासून भारतीयांना 60 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश सुरू झाला. हे नियम बदलत असतात, त्यामुळं तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा तपासा. 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

तिसरी गोष्ट, पैसा. सरळ सांगतो, पीककर्जावर सहल काढू नका. मी ज्या वर्षी ठरवलं त्या वर्षीपासून माल गेला की 4 किलोच्या पेटीमागं 10 रुपये वेगळ्या खात्यात टाकले. दोन एकरात 20 टन माल म्हणजे 5000 पेट्या, म्हणजे 50 हजार. तीन वर्षांत दीड लाख व्हायला पाहिजे होते. एका वर्षी माल कमी निघाला म्हणून चार वर्षं लागली. दोघांचं विमान, राहणं, खाणं, बोट सगळं त्यात बसवायचंय. औषधाच्या खर्चापुढं पेटीमागं 10 रुपये काहीच नाहीत, पण आपण ते औषधाला बिनबोभाट देतो आणि घरच्या माणसासाठी द्यायला हात आखडतो.

बचतीची एक जागा सांगतो. सामुईवर विमानतळ आहे, 1989 पासून. पण तो एका विमान कंपनीचा खाजगी आहे, बँकॉकवरून तिकडचं तिकीट महाग पडतं. स्वस्त वाट म्हणजे बँकॉकवरून सुरत थानीला विमानानं किंवा रात्रीच्या रेल्वेनं जायचं, तिथून बसनं डोनसाक बंदर, मग साधारण दीड तासाची मोठी बोट. अर्धा दिवस जास्त जातो. आम्ही तीच वाट धरलीय. कारभारीण म्हणाली, "बोटीत बसायला तर चाललोय."

फुकेट सोडून सामुई का? हे थायलंडमधलं दुसऱ्या नंबरचं मोठं बेट, सुमारे 228 चौरस किलोमीटर. बेटाभोवती साधारण 50 किलोमीटरचा गोल रस्ता आहे. मूळचं हे नारळाचं बेट. पर्यटन यायच्या आधी नारळ आणि मासे यावरच माणसं जगत होती. नंतर विमानं आली, हॉटेलं आली, किनाऱ्याची जमीन सोन्याच्या भावाची झाली. आतल्या बाजूला अजून नारळाच्या बागा आहेत. दक्षिण थायलंडात नारळ काढायला माकडं शिकवतात, सुरत थानीत त्याची शाळासुद्धा आहे. त्यावरून बाहेरच्या देशांत बराच वाद झाला आणि 2020 ला इंग्लंडातल्या दुकानांनी असा माल घेणं बंद केलं. मला तिथल्या एखाद्या नारळवाल्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. शेजारी सगळ्यांनी हॉटेलाला जमीन दिली, तू का नाही दिलीस, एवढंच विचारायचंय.

आणखी एक गोष्ट ऐकून आमच्या दुष्काळी भागातल्या माणसांना बरं वाटेल. चारी बाजूंनी पाणी असून या बेटाला उन्हाळ्यात गोड्या पाण्याची टंचाई होते. समुद्राखालून पाइप टाकून पलीकडून पाणी आणलंय. आपल्याकडं डोंगर चढवून कृष्णेचं पाणी आणलं, तसंच. तेव्हा हॉटेलात गेलो तरी बादलीचा हिशेब विसरायचा नाही, हे आम्ही ठरवलंय.

जपायच्या बाबी थोडक्यात. तिथं भाड्याची स्कूटर घेऊन पडणारे परदेशी फार, आणि योग्य लायसन नसेल तर विमा मिळत नाही. आम्ही स्कूटर घेणार नाही. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. या आखातात विषारी जेलीफिश असतात, म्हणून किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. चावा बसला तर चोळायचं नाही, व्हिनेगर ओतायचं आणि मदत बोलवायची. शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवा, तिथं भाजीतही माशाचं पाणी घालतात. "जे" हा शब्द सांगायचा, त्याचा अर्थ पूर्ण शाकाहारी. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. चटणी आणि भाकरीचं पीठ आम्ही तरीही नेणार आहोत की नाही, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

आणि आता शेतकऱ्यांसाठी आणि कृषी पदवीधर मित्रांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. तिथून रोप, काडी, बी, माती काहीही आणायचं नाही. मला मोह माहीत आहे. थाई बोर, थाई पेरू बघून आपल्याला वाटतं, पिशवीत एक काडी लपवून आणली तर काय बिघडलं. आपल्याकडं 2003 चा वनस्पती विलगीकरणाचा आदेश आहे, परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर आणता येत नाही. कायदा बाजूला ठेवा, नुसता अनुभव बघा. नारळाच्या पानावरची चक्राकार पांढरी माशी 2016 ला तामिळनाडूत दिसली, आता कोकणातल्या बागायतदाराला विचारा. मक्यावरची लष्करी अळी 2018 ला कर्नाटकात दिसली, पुढच्या हंगामात आपल्या मक्यात होती. थायलंडनंही भोगलंय. 2004 च्या सुमारास नारळाचा कोंब खाणारा बाहेरचा भुंगेरा तिकडं आला, सामुईच्या बागाही त्यातून सुटल्या नाहीत, मग परोपजीवी गांधीलमाशी सोडून त्याला आवरलं. आणि नारळाची काळ्या डोक्याची अळी तर मूळची आपल्याच भागातली, ती तिकडं जाऊन बसली. किडीला पासपोर्ट लागत नाही, तिला फक्त आपली पिशवी लागते. फोटो आणा, माहिती आणा, काडी नको. येताना बूटसुद्धा धुऊन आणा.

शेवटची अडचण, जी सगळ्यात मोठी. घर कुणी बघायचं? दोन म्हशी, एक कुत्रं, ठिबकचे व्हॉल्व. पोरगा नोकरीला लांब. "शेतकऱ्याला सुट्टी नसते" असं आपण अभिमानानं म्हणतो, पण खरं म्हणजे आपल्या जागेवर उभं राहणारं कुणी नसतं.

त्यावर आमच्या शेजारच्या आबांशी बोललो. पूर्वी आपल्यात सावड होती. तू माझ्या पेरणीला, मी तुझ्या. तीच सावड सुट्टीची करायची ठरलंय. आमचे सात दिवस धार आणि पाणी त्यांचं घर बघणार. मे महिन्यात ते दोघं काशीला जाणार, तेव्हा त्यांच्या गोठ्यात आम्ही. व्हॉल्वचा कागद लिहून मोटारीच्या पेटीवर चिकटवलाय. आबांच्या मालकीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "खरंच जायचं का?" आणि मग लगेच, "कुठली साडी नेऊ?"

मी कुणाला थायलंडला जा असं म्हणत नाही. दापोलीला जा, गणपतीपुळ्याला जा, माहेरी जा पण तिथं चुलीपाशी बसू देऊ नका. यंदा छाटणीची तारीख ठरवाल तेव्हा त्याच कॅलेंडरवर चार दिवसांना गोल करा. आणि त्या दिवसांसाठी सावड कुणाशी जमते, ते आत्ताच विचारून ठेवा.

आमचं तिकीट काढून झालंय. पाडवा घरी करूनच निघणार. त्याआधी माल व्यवस्थित जावा, अवकाळी येऊ नये आणि व्यापाऱ्यानं पैसे वेळेत द्यावेत, एवढी प्रार्थना करा. काहीही झालं तरी यावेळी रद्द करायचं नाही, असा शब्द मी तिला दिलाय. इथं सगळ्यांसमोर लिहितोय ते त्यासाठीच, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

तुमच्याकडं सावड होते का, आणि तुम्ही दोघं शेवटचं कधी नुसतं बसायला बाहेर गेला होता, ते खाली लिहा.